पुसून दिलेली खुर्ची

१२ जून

चि. चिमटी,

तुला काय म्हणून लिहावं याचा बरेच दिवस विचार करत होते. तुझं खरं नाव मला ठाऊक आहे, पण ते या घरात कुणी उच्चारलेलं मी ऐकलं नाही. ऐकलं ते चिमटीच. माझ्या मशीनमध्ये दोऱ्याचा गुंता झाला की तुझे बाबा म्हणायचे, "चिमटी असती तर सुटली असती ही गाठ." म्हणून तेच लिहिते. आवडलं नाही तर कळव.

मी कोण ते ओळखलं असशील. आमच्या लग्नाचं त्यांनी तुला कार्ड टाकलं होतं आणि तुझं दोन ओळींचं उत्तर आलं होतं. त्यावरचाच पत्ता या पाकिटावर घातलाय.

बातमी चांगली नाही. गेल्या महिन्यात सकाळी स्वतःची दाढी करताना त्यांच्या हातातून वस्तरा गळून पडला. त्यांच्या हातातून वस्तरा, म्हणजे तूच समज. डॉक्टर म्हणतात, मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवं अंग गेलं. आता इस्पितळातून घरी आणलंय. काठी धरून चार पावलं टाकतात, डाव्या हाताने जेवतात. पण बोलणं गेलं. एक शब्द तेवढा राहिलाय. खुर्ची.

पाणी हवं, खुर्ची. खिडकी लाव, खुर्ची. शेजारचा पक्कड भेटायला येतो, त्यालाही खुर्ची. (पक्कड हे नाव त्यांनीच ठेवलेलं. एकदा हात धरला की सोडत नाही तो.) सुरुवातीला मला वाटलं, बसायचं असेल. मी खुर्ची दिली तर चिडले. दुसरी आणली. शेजाऱ्यांकडच्या मागून आणल्या. एके दिवशी तर घरात पाय ठेवायला जागा नाही इतक्या खुर्च्या, मधोमध हे काठी टेकून उभे, डोळ्यांत पाणी, आणि तोंडात तोच शब्द.

डॉक्टर म्हणाले, "अर्थ शोधत बसू नका, बाई. एखादाच शब्द वाचतो. कुठला वाचेल ते माणसाच्या हातात नसतं." मला ते पटत नाही. आमच्या लग्नाला पाचच वर्षं झाली. त्याआधीचं त्यांचं सगळं आयुष्य केस कापायच्या दुकानात गेलं, आणि ते दुकान मी पाहिलेलंही नाही. तू त्यात वाढलीस. म्हणून विचारते, त्यांची खुर्ची म्हणजे काय, तुला ठाऊक असेल तर सांग.

तुझ्या बाबांची
टाचणी
(शिवताना तोंडात टाचण्या धरून बोलते, म्हणून.)


२६ जून

आदरणीय बाई,

पत्र मिळालं. वाचून वाईट वाटलं. तुम्ही त्यांचं करताय, याबद्दल आभार मानले तर ते परक्यासारखं होईल आणि न मानले तर उद्धटपणा होईल. तेव्हा काय ते तुम्हीच समजून घ्या.

खुर्चीचा अर्थ विचारलात. दुकानात दोन खुर्च्या होत्या. एक बाबांची, एक माझी. आई गेल्यावर मी शाळा सुटली की दुकानातच यायचे. आधी चिमटे धरून उभी राहायचे, मग केस झाडायचे, आणि हातात कात्री आल्यावर दुसरी खुर्ची माझी झाली. लहान मुलांचे केस मी कापायचे. पुढे मला मोठ्या शहरात जाऊन बायकांचे केस कापायला शिकायचं होतं. निघाले त्या दिवशी ते एवढंच म्हणाले, "जा. या खुर्चीमागे दुसरं कुणी उभं राहणार नाही. रिकामी राहील. लोक विचारतील, मी सांगेन."

मी म्हटलं, "मी चार खुर्च्यांचं दुकान टाकून दाखवीन."

पुढे त्यांनी दुकान बंद केलं तेव्हा खुर्ची भंगारात घातली, असं गावाकडून आलेल्या कुणीतरी मला सांगितलं. माझीच घातली असणार. तेव्हा अर्थ शोधायला तुम्हाला लांब जायला नको. सगळे शब्द गेले, राग तेवढा राहिला.

येणं जमेलसं वाटत नाही. इथे चार खुर्च्या आहेत, कामाचा पसारा फार आहे.

चिमटी
(हरकत नाही या नावाला.)


७ जुलै

चि. चिमटी,

तू लिहिलंस त्यावर मी आठवडाभर कान देऊन बसले. राग असेल तर ऐकू येईलच, असं म्हटलं.

काल खिडकीच्या कठड्यावर मांजर येऊन बसलं. हे त्याच्याकडे बघून हळूच म्हणाले, "खुर्ची." मांजरावर कुणी इतक्या मायेने रागावतं का गं?

आणखी एक सांगते. शब्द एकच असला तरी ते म्हणण्याचे सूर निराळे आहेत. पाण्याची खुर्ची घाईची असते, घशातली. खिडकीची खुर्ची वैतागलेली. डॉक्टर आले की जी येते ती अगदी कडक. (डॉक्टरांना ते आजारापूर्वी एकदा भेटले होते आणि कपडे बघून त्यांचं नाव इस्त्री ठेवून मोकळे झाले होते. ते मनात अजून आहे, असं मला वाटतं.) मी आता शब्द ऐकतच नाही, नुसता सूर ऐकते. दहातल्या सहा वेळा माझं बरोबर येतं. चुकलं की ते कपाळाला हात लावतात आणि मला हसू येतं, मग त्यांनाही.

एका गोष्टीची मात्र फार चुटपुट लागते. पूर्वी ते बाहेरून आले की दारातूनच शेवट ओढून मला हाक मारायचे, "टाचणीऽऽ." घर एका खोलीचं, मधे पडदा, पण हाक अशी की मी जणू तीन गल्ल्या पलीकडे आहे. आता मी त्यांना एकटं सोडतच नाही, सारखी समोर असते. समोरच्या माणसाला हाक कशाला मारायची?

दुकानात ते हा शब्द कसा वापरायचे ते लिही ना. जे आठवेल ते. घाई नाही.

टाचणी


२१ जुलै

मावशी,

बाई लिहायला आता जड जातं. मावशी चालेल ना?

तुम्ही सूर म्हणालात आणि मला दुकानच ऐकू आलं. बाबा दुकानात दिवसभर तो एकच शब्द म्हणायचे, हे मी विसरूनच गेले होते. एकाचं काम झालं की बाकावर बसलेल्यांतल्या पुढच्याला बोलवायचं. ते नाव घेत नसत, 'या' नाही, 'बसा' नाही. खांद्यावरचा टॉवेल झटकायचे आणि म्हणायचे, "खुर्ची." बाकावर सात जण असले तरी ज्याचा नंबर तोच उठायचा, कारण प्रत्येकाचा सूर वेगळा होता.

नेहमीच्या गिऱ्हाइकाला तुटक, आरशातूनच, मान न वळवता. म्हाताऱ्या माणसाला खालच्या आवाजात, हात पुढे करून. जो बसल्यावर फार बोलतो त्याला सुस्कारा टाकून.

नवीन गिऱ्हाईक आलं की निराळीच तऱ्हा. टॉवेलने खुर्ची दोनदा पुसायची, एकदा बैठक, एकदा पाठ. मग बाजूला सरकून उभं राहायचं आणि शब्द सरळ, स्वच्छ, पुरा म्हणायचा, एखादी वस्तू हातात द्यावी तसा. ओळखीच्या माणसाला ते खुर्ची पुसून देत नसत. म्हणायचे, "घरच्याला कसला मान?"

आणि लहान मूल आलं की खुर्चीच्या दोन हातांवर फळी आडवी टाकायची, म्हणजे मूल उंच बसतं. मुलाला काखेत धरून उचलताना ते म्हणायचे, "खुऽर्ची." शब्द मधेच उडी मारायचा, मुलाबरोबर. मी अगदी लहान असताना रोज संध्याकाळी दुकान बंद करण्याआधी ते मला फळीवर बसवायचे, केस कापायचे नसले तरी. तो सूर माझा होता. मी मोठी झाले, फळी दुसऱ्यांसाठी राहिली, आणि तो सूर त्यांनी मला पुन्हा कधी लावला नाही.

तो ऐकू आला तर कळवाल?

चिमटी


४ ऑगस्ट

चि. चिमटी,

तुझं पत्र वाचता वाचता मी उठले आणि मशीनसमोर ठेवलेल्या खुर्चीचे हात चाचपून पाहिले. दोन्ही हातांवर, बरोबर मधे, लाकूड घासून खोलगट झालंय. मी इतकी वर्षं समजत होते की तो जुनेपणाच आहे. ती फळीची जागा आहे ना?

तुझी खुर्ची भंगारात गेली नाही. ती इथे आहे. लग्नानंतर हे एक ट्रंक आणि ही खुर्ची घेऊन आले. लोखंडी पायाची, गोल फिरणारी. चार माणसांनी वर चढवली. मी म्हटलं, "नवऱ्यापेक्षा खुर्चीच जड दिसते." म्हणाले, "नवरा परत पाठव, खुर्ची राहू दे." मी विचारलं, दुकानात एकच होती का? तर म्हणाले, दोन होत्या, माझी मोडीत दिली. मला तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही. कुणाची ठेवली हे विचारायला हवं होतं.

रिकामी म्हणशील, तर ती क्षणभर रिकामी नसते. गणवेशाची मापं द्यायला मुलं येतात ती तिच्यावर गोल गोल फिरतात. बायका पडद्याची कापडं तिच्यावर टाकतात. मी तिला निळा अभ्रा शिवलाय. आता दुपारभर हे स्वतः तिच्यात बसतात.

उडीचा सूर मी अजून ऐकला नाही. खोटं का सांगू? पण मी म्हणजे कोण गं, माझ्यासाठी तो कशाला लावतील? तू समोर आलीस तर लावतील. चार खुर्च्या जरा दुसऱ्या कुणाच्या हवाली कर आणि ये.

टाचणी


२२ ऑगस्ट

मावशी,

चार खुर्च्या नाहीत. एकही नाही.

बायकांच्या दुकानात मी काही वर्षं काम केलं, पण ते मालकिणीचं दुकान होतं. ते बंद पडलं. आता मी एका मोठ्या इस्पितळात आहे. शस्त्रक्रियेआधी रोग्यांचे केस काढायचं माझं काम. माणूस पलंगावर आडवा असतो, मी वाकून काम करते. माझ्या कामात खुर्ची कुठेच येत नाही. बायका विचारतात, "परत येतील ना गं?" मी म्हणते, "केसच आहेत ते, दुसरं काय करणार?" त्या हसतात. काही जणी हात धरून ठेवतात, तुमच्या पक्कडसारख्या. या कामाची मला लाज नाही. बाबांना सांगायची लाज होती, कारण जाताना मी फार मोठं बोलून गेले होते.

त्यांनी स्वतःची मोडीत दिली आणि माझी ठेवली, हे वाक्य मी किती वेळा वाचलं ते सांगत नाही.

पुढच्या महिन्यात रजा मिळतेय. त्यांचे केस वाढले असतील. पक्कडला हात लावू देऊ नका, मी येऊन कापते. दुसरं काही नको मला. माफी नको, बोलणं नको. तो उडी मारणारा सूर एकदा ऐकायचाय. तेवढ्यासाठी येते.

चिमटी


१९ सप्टेंबर

चि. चिमटी,

नीट पोचलीस ना? कंगवा इथेच विसरलीस. मशीनच्या खणात ठेवलाय.

तू गेल्यापासून मी ज्याला त्याला तेच सांगतेय. आजारपणात ते कुणासाठी म्हणून खुर्चीतून उठले नाहीत. इस्त्री आले तरी नाही. आणि तू दारात उभी राहिलीस तर काठी न घेता उठले, माझ्या हातातला टॉवेल ओढून घेतला, खुर्ची पुसली आणि बाजूला होऊन तुला बसवलं. आवाजही किती स्पष्ट लागला. ओळखलंच त्यांनी तुला. मी तर पडद्याआड जाऊन रडून घेतलं.

तू मात्र दोन दिवसांत फारसं बोलली नाहीस. प्रवासाचा शीण असेल. त्यांचे केस फार सुंदर कापलेस. आरसा दाखवला की डाव्या हाताने मानेमागे चाचपतात आणि "खुर्ची" म्हणतात. ही पसंतीची आहे, ही मला बरोबर कळते.

टाचणी


३ ऑक्टोबर

मावशी,

तुमचा आनंद मोडायचं माझ्या जिवावर आलंय. पण खुर्चीचा अर्थ मला विचारणाऱ्या तुम्हीच, म्हणून लिहिते.

त्यांनी मला ओळखलं नाही.

खुर्ची दोनदा पुसली, बैठक आणि पाठ. बाजूला सरकले. शब्द सरळ, स्वच्छ, पुरा म्हणाले. मी तुम्हाला लिहिलं होतं ना, तो नवीन गिऱ्हाइकाचा सूर. घरच्याला ते खुर्ची पुसून देत नाहीत.

मी बसले. ते माझ्यामागे उभे राहिले, डावा हात पाठीवर टेकून, आणि समोर बघायला लागले. समोर भिंतीवर तुमचे कापड बेतायचे कागदी नमुने टांगलेले, बाह्यांचे, गळ्यांचे. ते आरसा शोधत होते. मग थांबून राहिले. गिऱ्हाईक सांगेपर्यंत ते कात्री उचलत नसत. 'बाबा, मी आहे' असं म्हणायचं ओठांवर आलं होतं. पण इतक्या अदबीने उभे होते ते. मी म्हटलं, "मध्यम ठेवा."

त्यांनी मान हलवली आणि डाव्या हाताची दोन बोटं माझ्या कानाशी नुसतीच चालवली, कात्रीसारखी. बराच वेळ. तुम्ही पडद्याआड होतात तेव्हाच. मी हलले नाही. कान कापला जाईल अशी भीती असल्यासारखी बसले होते.

मग तुम्ही बाहेर आलात, ते थकून खाली बसले, आणि मी त्यांचे केस कापायला घेतले.

तुम्ही ज्याला त्याला सांगताय ते सांगत राहा. त्यात माझं काही बिघडत नाही.

चिमटी


१० नोव्हेंबर

चि. चिमटी,

हे पत्र कोणत्या शब्दांनी सुरू करावं ते मला कळत नाही. तुझे बाबा गेले. मागच्या गुरुवारी दुपारी. त्रास झाला नाही.

तू इथवर पोचेपर्यंत थांबणं शक्य नव्हतं. पक्कडने अंत्यविधीचं सगळं पाहिलं. दुसऱ्या दिवशी मी तुला तार करायला गेले. फॉर्म हातात घेतला, पण शब्द सुचेना. एकच सुचत होता, आणि तो तारेत घालून काय उपयोग? तशीच उभी होते. तेवढ्यात आतला कारकून शिपायाला म्हणाला, "खुर्ची." आणि मी मोठ्याने म्हणाले, "आले."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. मी फॉर्म तिथेच ठेवून घरी आले. म्हणून तार नाही. मला क्षमा कर.

आता जे सांगायला बसले ते सांगते. त्या दुपारी ते खुर्चीत होते. डुलकी लागली आहे असं बघून मी पडद्याआड भांडी विसळायला गेले. त्यांना सोडून मी एवढा वेळ कधी आत राहत नसे, पण भांडी फार साठली होती. आणि मला ऐकू आलं, "खुर्ची." हा सूर नवा होता. पाण्याचा नाही, खिडकीचा नाही, कशाचाच नाही. शेवट कुठेतरी वर गेल्यासारखा. मी हात पुसून बाहेर येईपर्यंत मान कलली होती. हात खुर्चीच्या हातावर, त्या खोलगट जागेवर.

तुझा उडीचा सूर तो असेल का गं? मी तो कधी ऐकलेला नाही, मग मला कसं कळणार? आणि पत्रात तो लिहून कसा पाठवू? इतकी पत्रं लिहिली आपण, पण एक सूर काही या कागदावर उतरत नाही. माझ्या कानात तो अजून तसाच आहे. तू ये. मी म्हणून दाखवते, तू सांग कुणाचा होता ते.

टाचणी


२० नोव्हेंबर

मावशी,

पत्र मिळालं. आज काम केलं नाही. एका बाईंचे केस काढायचे होते, त्यांना म्हटलं, उद्या करू. त्या म्हणाल्या, "बरं झालं, एक दिवस मिळाला."

रजा पुढच्या महिन्याच्या शेवटी मिळेल, त्याआधी नाही. तोवर तो सूर पुसट व्हायला नको. रोज एकदा म्हणत राहाल का? कुणी ऐकलं तर ऐकू दे.

क्षमा कसली मागता? तारेचा फॉर्म हातात घेऊन मी उभी असते तर मलाही दुसरा शब्द सुचला नसता.

चिमटी


४ डिसेंबर

चि. चिमटी,

म्हणते. रोज सकाळी मशीनवरचं झाकण काढलं की एकदा म्हणते. काल एक नवीन बाई पडद्याचं कापड घेऊन आल्या होत्या, त्यांना वाटलं त्यांनाच सांगतेय, त्या पटकन बसल्या. मी कापड मोजायला घेतलं.

पण खरं सांगू, आता माझी खात्री उडायला लागलीय. हा त्यांचा सूर आहे की म्हणून म्हणून माझाच झालाय? लवकर ये, बाई.

टाचणी


९ जानेवारी

टाचणीमावशी,

तुमच्याकडे होते तेव्हा तुम्ही दोनदा विचारलंत, "कुणाचा गं?" आणि मी दोन्ही वेळा उठून पाणी प्यायला गेले. तोंडाने सांगवत नव्हतं. आता लिहून सांगते.

तो माझा नव्हता. फळीवरचा सूर मधे उडी मारतो आणि लगेच खाली येतो, मूल टेकल्यावर. हा तसा नव्हता. दुकानातला कुठलाच नव्हता, आणि दुकानातले सगळे मला पाठ आहेत. म्हणजे हा दुकान बंद झाल्यानंतरचा.

तुम्ही मला तो म्हणून दाखवलात तेव्हा तुमचं तोंड पडद्याकडे होतं. लक्षात आलं का तुमच्या? शब्दाचा शेवट तुम्ही ओढलात, पलीकडे कुणी लांब असावं तसा. मग मी मुद्दाम विचारलं, बाबा पूर्वी तुम्हाला हाक कशी मारायचे. तुम्ही म्हणालात, "टाचणीऽऽ." अगदी तसंच. तोच श्वास, तीच ओढ. तुमचं तुम्हाला ऐकू आलं नाही, कारण तुम्ही तो माझ्यासाठी ऐकत होतात.

आजारपणात तुम्ही सतत त्यांच्यासमोर राहिलात, म्हणून हाक मारायची वेळच आली नाही. त्या दुपारी तुम्ही आत गेलात. डोळे उघडले तेव्हा तुम्ही समोर नव्हतात. त्यांनी तुम्हाला बोलावलं, मावशी. उशिरा पोचलात असं मनाला लावून घेऊ नका. हाकेला उत्तर तुम्ही दिलंत, एक दिवस उशिरा, तारेच्या खिडकीपाशी, सगळ्यांसमोर.

खुर्ची तिथेच राहू दे. मुलांना फिरू दे तिच्यावर. खरं म्हणजे ती न्यायला माझ्याकडे जागाही नाही.

परवा इस्पितळात मी एक गोष्ट केली. ज्या बायका बसू शकतात त्यांना पलंगावर आडवं करायचं नाही, असं ठरवलं. बाहेरच्या व्हरांड्यातून एक साधी लाकडी खुर्ची आत आणली. पहिल्या आल्या त्या फार घाबरलेल्या होत्या. मी टॉवेल घेतला, बैठक पुसली, पाठ पुसली, आणि बाजूला सरकले. शब्द मात्र तोंडातून निघाला नाही. त्या आपल्या आपणच बसल्या.

पुसताना हात कसा फिरतो ते मला तेव्हा कळलं. घरच्या माणसासाठी तो असा फिरत नाही, हे खरंच. माझा सूर मला मिळाला नाही, आणि आता तो म्हणणारं कुणी राहिलं नाही. पण त्या दिवशी दारात एक अनोळखी बाई आली होती आणि एका लुळ्या माणसाने काठी न घेता उठून, डाव्या हाताने, तिला खुर्ची दोनदा पुसून दिली. ती बाई मी होते.

ते पुरत नाही. पण आहे.

चिमटी